चार्टच्या मागच्या पानावर

आमच्या धंद्यातली आतली गोष्ट आधीच सांगून टाकते. सकाळी कोमट पाणी, आठ वाजता दोन इडल्या, अकराला एक फळ, असा जो छापील डाएट चार्ट तुमच्या हातात पडतो, तो बऱ्याचदा तुम्ही जिना चढायच्या आधीच तयार असतो. नाव आणि वजन तेवढं भरायचं बाकी असतं. पैसे मोजून आलेल्या माणसाला हातात कागद लागतोच. नुसतं बोलून पाठवलं तर 'गप्पांचे पैसे घेतले' ही कुरकुर जिन्यातच सुरू होते. म्हणून चार्ट मीही देते. खरं काम असतं ते त्या कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला, पेनाने लिहिलेलं, आणि ते सहसा दोन ओळींच्या वर जात नाही.

हा धंदा मी शिकले एका स्लिमिंग सेंटरमध्ये. नाव घेत नाही. त्या काळी पुण्यात गाजलेलं होतं, गार एसी, गुलाबी पडदे, दारात कारंजं. तिथे मापं घ्यायला एक वेगळी मुलगी होती आणि टेप कशी धरायची याचं तिला रीतसर शिक्षण दिलं होतं. पहिल्या दिवशी टेप बेंबीवरून, सैल, श्वास सोडायला सांगून. महिन्याने तीच टेप दोन बोटं वर, ताणून, 'मॅडम, जरा ताठ उभ्या राहा ना' म्हणत. दोन इंच जागच्या जागी गायब! फोटोचीही तीच कथा. 'आधी'चा फोटो दुपारच्या जेवणानंतर, डोक्यावरच्या दिव्याखाली, हसू नका म्हणून बजावून. 'नंतर'चा सकाळी उपाशीपोटी, काळ्या कपड्यांत, केस सेट करून.

पहिला आठवडा पोळी-भात पूर्ण बंद असायचा. आठ दिवसांत दोन-अडीच किलो उतरायचे आणि बाई खुशीत येऊन मैत्रिणीचं नाव नोंदवायच्या. उतरलेलं मुख्यतः पाणी असायचं. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा जो साठा असतो, ग्लायकोजेनचा, त्याच्या प्रत्येक ग्रॅमला साधारण तीन ग्रॅम पाणी धरून बसलेलं असतं. पोळी-भात तोडला की साठा रिता होतो आणि पाणी निघून जातं. काटा खोटं बोलत नाही, पण काय गेलं तेही सांगत नाही. पॅकेज तीन महिन्यांचंच का, हे मला जरा उशिराच उमगलं. चौथ्या महिन्यात आकडा अडतो, आणि तोवर हिशेब मिटलेला असतो.

स्वतःचं क्लिनिक थाटल्यावर मी पहिल्यांदा काय बदललं असेल, तर खुर्ची. हातवाल्या खुर्च्या काढून टाकल्या. सव्वाशे किलोचा माणूस दारातून आत येतो तेव्हा तो डॉक्टरकडे किंवा डिग्रीच्या चौकटीकडे बघत नाही, खुर्चीकडे बघतो. मावणार नाही असं वाटलं, तर 'उभाच बरा आहे' म्हणतो आणि पुढचं सगळं बोलणं निघायच्या घाईत होतं.

मार्केट यार्डातल्या भुसार विभागातले एक शेठ आले, तेव्हा खुर्चीचं ठीक होतं, पण काटा कमी पडला. माझा काटा १२० किलोपर्यंतचा. त्यावर गेलं की आकड्याऐवजी 'एरर' उमटतं. वजन करायला आलेल्या माणसाला काट्यानेच नकार द्यावा, हा अपमान मी लोकांना गिळताना पाहिलाय. शेठ मात्र मोकळेपणी हसले. "मॅडम, आमच्याकडे पोत्यांचा काटा आहे की!" दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. "एकशे बत्तीस भरलं. बारदानासकट."

आधी त्यांना फिजिशियनकडे पाठवलं: साखर, रक्तदाब, थायरॉइड आणि झोपेची तपासणी. झोपेचं कारण वहिनी. शेठच्या घोरण्याबद्दल विचारलं तर त्या म्हणाल्या, "घोरण्याचं काही नाही हो, घोरणं मध्येच थांबतं त्याची भीती वाटते. मग मी उठून छातीवर हात ठेवून बघते." नवऱ्याचा श्वास चालू आहे का, हे रात्रीतून दोनतीनदा उठून बघणारी बाई. शेठना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

शेठना हवं होतं कडक डाएट. "काय काय बंद करायचं ते एकदाच सांगा. मी मनाचा पक्का आहे." मनाच्या पक्क्या माणसांची मला जरा धास्तीच वाटते. ते तीन आठवडे सगळं सोडतात आणि चौथ्या आठवड्यात सगळं एकदम धरतात. मी म्हटलं, दुकान किती वाजता बंद होतं? रात्री जेवता केव्हा? घरात तेलाचा डबा किती दिवस जातो? शेवटच्या प्रश्नावर ते गडबडले. "ते हिला विचारा."

म्हणून विचारलं. आमच्याकडे वजन एकाचं असतं, पण मुलाखत घ्यायची असते ती फोडणी टाकणाऱ्याची. वहिनींनी नेहमीचं वाक्य टाकलं, "आम्ही तेल तसं कमीच खातो." घरात माणसं पाच. पंधरा किलोचा डबा दीड महिना जातो. मी कागद पुढे सरकवला, भागाकार त्यांनीच केला. माणशी दिवसाला साधारण ६६ ग्रॅम. म्हणजे नुसत्या तेलाचे सहाशेच्या आसपास उष्मांक, भाजी-भाकरी अजून ताटात पडायची आहे. आहारशास्त्र तीस ग्रॅमच्या आत राहा म्हणतं. वहिनी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिल्या. पुढे काय करायचं हे मी सांगितलं नाही, त्यांनीच ठरवलं. महिन्याचं तेल एका बरणीत मोजून काढायचं, डबा माळ्यावर. बरणी महिन्याआधी संपली तर महिन्याचे उरलेले दिवस फोडणी जपून.

शेठच्या चार्टच्या मागे मी लिहिलं: रात्रीचं जेवण साडेआठच्या आत. साखरेचा चहा दिवसाला दोन.

"एवढंच? ह्याचे पैसे घेता?"

एवढंच, पण ते करायला अख्खी पेढी हलली. यार्डात दिवसाचा हिशेब मिटायला साडेनऊ. घरी पोहोचायला दहा, पावणेअकराला जेवण, साडेअकराला अंथरूण. साडेआठला जेवायचं तर संध्याकाळची रोकड मुनिमाकडे द्यायला हवी, म्हणजे आधी त्याच्यावर विश्वास टाकायला हवा. किल्ल्या मुलाकडे. आणि डबा आठ वाजता दुकानात पोहोचवायचा तर वहिनींचा स्वयंपाक सातला आटपायला हवा. म्हणजे मग त्यांची संध्याकाळची भिशी, सुनेचा क्लास, सगळंच सरकतं. चिकाटी, निर्धार वगैरे शब्द भाषणात ठीक आहेत. मी तरी उतरलेलं आणि उतरून टिकलेलं वजन बघितलं ते ज्या घराचं वेळापत्रक हललं त्याच घरात. एकट्याने ताट वेगळं वाढून घेणारा माणूस दिवाळीपर्यंत टिकतो.

चहाचा हिशेब शेठनी स्वतः मांडला. भुसार लाइनीत दलाल आला की चहा, गिऱ्हाईक आलं की चहा, भाव फिसकटला तरी चहा. दिवसाला चौदा कटिंग, प्रत्येकात दोन चमचे साखर. चौदा दाहे एकशेचाळीस ग्रॅम. "म्हणजे आठवड्याला किलोभर साखर मी एकटा खातो?" साखरेची पोती विकणारा माणूस हे बोलला, तेव्हा त्याच्या तोंडावर घाटा झाल्याचा भाव होता. पण समोरच्याबरोबर चहा न घेणं यार्डात शोभत नाही. त्यावर तोड निघाली ती चहावाल्या पोऱ्याकडून. शेठच्या ग्लासात बिनसाखरेचा, बाकीच्यांना नेहमीचा. ग्लास तोच, फुर्र आवाज तोच. एकाही दलालाच्या लक्षात आलं नाही.

पहिलं लक्ष्य मी ठेवलं होतं नऊ किलोंचं. शेठ म्हणाले, "नऊ किलो? एवढं तर आम्ही गोदामातून झाडून काढतो." मग त्यांना अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीबद्दल सांगितलं. मधुमेहाच्या उंबरठ्यावरची तीन हजारांहून जास्त माणसं, त्यांतल्या एका गटाला वजन सात टक्के कमी करायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं एवढंच लक्ष्य दिलं. २००२ साली निकाल आला. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं होतं, गोळी दिलेल्या गटापेक्षाही जास्त. १३२ चे सात टक्के म्हणजे नऊ किलो. टक्केवारी म्हटल्यावर शेठ गप्प झाले. व्यापारी माणूस.

दर सोमवारी हमाल यायच्या आत पोत्यांच्या काट्यावर उभं राहायचं असं ठरलं होतं. पण हमाल लवकर यायला लागले. आकडा गोदामाच्या भिंतीवर खडूने लिहायचं काम त्यांच्यातल्याच एकाने आपणहून घेतलं, आणि पुढे त्यावर पैजा लागायला लागल्या, असं कानावर आलं. सहा महिन्यांनी शेठ माझ्या काट्यावर चढले आणि 'एरर'ऐवजी ११९.४ उमटलं. त्या दिवशी त्यांनी यार्डातून माझ्या क्लिनिकवर पाच किलो इंद्रायणी पाठवला. आहारतज्ज्ञाला तांदूळ भेट देणारा हा माझा एकमेव पेशंट.

सगळेच असे हिशेबाला पक्के नसतात. 'आठवडाभर जे खाल ते लिहून आणा' म्हटलं की माणसं एकदम साहित्यिक होतात. त्या डायरीत रविवार नसतो. चव बघितलेली नसते. उभ्याने खाल्लेलं मोजायचंच नसतं. कोथरूडच्या एका शिक्षिकेची डायरी इतकी आदर्श होती की मी ती इतरांना दाखवावी. वजन मात्र तसूभर हलेना. शेवटी मी खाण्याबद्दल विचारणं सोडून दिलं आणि विचारलं, रात्री ओटा आवरताना काय करता? तेव्हा कळलं. वाटीभर भात, आमटीचा तळ, दीड पोळी, मुलाच्या डब्यातला परत आलेला पराठा. "टाकायचं कसं हो?" त्यांच्या कागदामागे मी लिहिलं, 'कणीक एक वाटी कमी भिजवा.' त्यावर त्या माझ्याशी भांडल्या. "आणि कोणी अचानक आलं तर?" हल्ली पुण्यात अचानक कोण येतं? लोक फोन करून, वेळ घेऊन, जेवून येतात. पण अन्नपूर्णेचं भय मोठं असतं, ते घालवायला दोन महिने लागले. पोळ्या मोजून व्हायला लागल्या आणि बाईंचं वजन उतरायला लागलं. त्यांच्या स्वतःच्या ताटातला एक घास मी कमी केला नव्हता.

उपासाबद्दल काय सांगू? एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण कुणा आहारतज्ज्ञानेच केली असावी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, वर दाण्याचं कूट, वर तूप, आणि संध्याकाळी बटाट्याचा कीस. आणि रविवारी सिंहगड चढणारे पेशंट हा तर वेगळाच वर्ग. घामाघूम होऊन वर जायचं, कांदाभजी, पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही. चढताना जेवढं जाळलं त्याहून जास्त घेऊन खाली यायचं आणि सोमवारी मला घड्याळातली पावलं दाखवायची. दहा हजार पूर्ण! हा दहा हजारांचा आकडा आला १९६५ च्या सुमाराला जपानात विकायला काढलेल्या एका पाऊलमापक यंत्राबरोबर, कुठल्या प्रयोगशाळेतून नव्हे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वयस्कर बायकांवर अभ्यास झाला. त्यात दिवसाला साडेचार हजारांच्या आसपास पावलांपासूनच फायदा दिसायला लागला होता आणि साडेसात हजारांच्या पुढे तो फारसा वाढत नव्हता. पहिल्या दिवशी गुडघे धरून आलेल्या माणसाला मी हेच ऐकवते. दहा हजार ऐकून तो घरीच बसेल.

२०१८-१९ चा काळ आम्हा आहारतज्ज्ञांनी कसा काढला ते आमचं आम्हाला ठाऊक. महाराष्ट्राचे दोन तट पडले होते. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी मांडलेली पद्धत, म्हणजे दिवसात दोनदाच जेवा, पंचावन्न मिनिटांत जेवण संपवा. आणि ऋजुता दिवेकर सांगत होत्या, घरचं, आपल्या मातीतलं खा, तूप-भाताला भिऊ नका. सदाशिव पेठेतल्या एका घरात सासरे दीक्षितांकडचे आणि सूनबाई दिवेकरांकडच्या. सासऱ्यांची पंचावन्न मिनिटं भिंतीवरच्या घड्याळावर मोजली जायची, सूनबाईंची तुपाची वाटी फ्रिजवर वेगळी. मध्ये सासूबाई. दोन्ही पंथांचा स्वयंपाक एकटीने सांभाळताना धावाधाव करून त्यांचं वजन सगळ्यांच्या आधी उतरलं. मला भांडण मिटवायला बोलावलं होतं. सासरे आणि सूनबाई, दोघांचंही वजन उतरत होतं, कारण दोघांनीही आपापल्या गुरूचं ऐकून चार वाजताचं फरसाण आणि बिस्किटं सोडली होती. हे मी बोलले तेव्हा दोघांनाही ते आवडलं नाही. सासऱ्यांना मधुमेहाची गोळी चालू होती, म्हणून जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरला विचारा, एवढं मात्र बजावून आले. गोळी तीच आणि जेवण निम्मं, यात साखर धाडकन खाली जाऊ शकते.

शेठची गाडी ११२ वर अडली. महिना गेला, दोन गेले. गोदामाच्या भिंतीवर तोच आकडा एकाखाली एक. हमालांनी पैजा बंद केल्या. या टप्प्यावर माणूस हमखास पळून जातो, दुसऱ्या आहारतज्ज्ञाकडे, काढ्याकडे, पट्ट्याकडे. शरीर लहान झालं की त्याचा खर्च कमी होतो, हे एक. शिवाय उपासमारीचा संशय आला की ते आणखी काटकसर करतं. अमेरिकेतल्या 'द बिगेस्ट लूझर' या टीव्हीवरच्या स्पर्धेचा किस्सा मी शेठना याच वेळी सांगितला. २००९ च्या हंगामाचा विजेता डॅनी काहिल सात महिन्यांत १९५ किलोंवरून ८७ किलोंवर आला होता. पुढे त्याच स्पर्धेतल्या १४ जणांना संशोधकांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. चौदांपैकी तेरा जणांचं वजन परत वाढलेलं होतं, आणि त्यांचं शरीर विश्रांतीत जेवढं जाळायला हवं त्यापेक्षा दिवसाला सरासरी पाचशे उष्मांक कमीच जाळत होतं. टीव्हीवर टाळ्या पडल्या त्या सात महिन्यांना.

शेठ म्हणाले, "म्हणजे आता काय करायचं?" काहीच नाही. तेच करायचं. वसुलीला पोऱ्याला न पाठवता स्वतः पायी जायचं, एवढी एक ओळ वाढवली. पायी येणारा शेठ बघून उधारी लवकर सुटायला लागली, हा वरचा नफा.

मध्यंतरी यार्डातल्या एका दलालाने वजन उतरवायचं इंजेक्शन सुरू केलं. २०२५ च्या मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी भारतात आल्यापासून माझ्याकडे येणारा दर दुसरा माणूस तेच विचारतो. त्याला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. डॉक्टरने तपासून दिलेलं असेल तर ते काम करतं, आणि रक्तदाबाची गोळी आयुष्यभर घेण्यात जशी लाज नाही तशी यातही नसावी. पण त्यातल्या एका औषधाच्या, सेमाग्लुटाइडच्या, चाचणीत ते थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचं दोन तृतीयांश परत आलं होतं. शेठनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे गाळा भाड्याचा." त्यांनी घेतलं नाही. दलालाने घेतलं, त्याचंही बरं चाललंय, आणि त्याच्याही कागदामागे जेवणाची वेळ मीच लिहिली आहे.

शेठ दोन वर्षांत १०४ वर आलेत. जाहिरातीत छापावा असा आकडा नाही, पुस्तकाप्रमाणे ते अजूनही लठ्ठच. वहिनी मात्र रात्री उठत नाहीत.

गेल्या खेपेला शेठना न्यायला मुलगा आला होता. चोविशीचा, काडीसारखा, ६४ किलो. माझ्या हातात टेप होतीच, सहज त्याच्या कमरेला लावली. सैलही नाही, ताणूनही नाही. ९२ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषाला ९० च्या वर धोका धरतात. "मला कशाला? मी तर बारीक आहे," तो म्हणाला. मी टेबलावर त्याला एक जुना फोटो दाखवला. 'लॅन्सेट'मध्ये २००४ साली आलेला, पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र इंग्रज डॉक्टरच्या अंगात ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२. दिसायला सडपातळ आणि आतून गुबगुबीत, ही आपली खासियत त्यांनी स्वतःच्याच शरीरावर दाखवून दिली. मुलाने फोटो उलटसुलट करून बघितला. आठवड्याने त्याचा रिपोर्ट आला, तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१. मधुमेह नाही, पण उंबरठा ओलांडायला फार काही उरलेलं नाही.

आता दुकानात रात्री आठला दोन डबे जातात. मुलाची तक्रार एवढीच, की वडील त्याच्या डब्यातली भाकरी उचलतात आणि डायरीत लिहीत नाहीत.